पुस्तकघरात उतरलेलं वऱ्हाड

मी ग्रंथालयात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस नकळत आवाज खाली आणतो. जणू मी अजूनही ओठांवर बोट ठेवून बसले आहे. माझ्या ग्रंथालयात गप्प बसत ती फक्त पुस्तकं. बाकी कुणी ना कुणी सतत बोलत असे, आणि त्यात बऱ्याचदा मीच असे.

आमचं घर अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत. पणजोबा वेदपाठासाठी काशीत आले ते परत गेलेच नाहीत. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि भांडताना दोन्ही, अशी आमची रीत. आमच्या मराठीत हिंदी इतकी मुरली आहे की पुण्याकडचे पाहुणे वाक्य संपेपर्यंत थांबतात आणि मग हसतात. 'तुमच्याच भाषेत लिहा' असं संपादकांनी कळवलं खरं, पण छापण्याआधी ते तिला आंघोळ घालणार हे मला ठाऊक आहे.

माझी नोकरी होती गंगेपलीकडच्या एका खेड्यातल्या सरकारी वाचनालयात. रोज गल्लीतून मोठ्या रस्त्यावर यायचं, ऑटो पकडायची, पूल ओलांडायचा आणि पुढे शेतांच्या बांधावरून चालत जायचं. गावाचं नाव मी लिहीत नाही. मंडळी अजून तिथंच आहेत आणि त्यांची तोंडं अजून शाबूत आहेत. ती बोलतात भोजपुरी. इथं मी मराठीत आणते आहे, त्यामुळे निम्मा तिखटपणा वाटेतच सांडणार.

वाचनालय म्हणजे एक मोठी खोली, वर पावसाळ्यात गळणारं छप्पर, पुढे ओसरी, मागे कडुनिंब. ग्रंथपाल मी, शिपाई मी आणि झाडूही माझाच. बाहेरच्यांना वाटतं की ग्रंथपालाचं काम पुस्तकं देणं-घेणं. खेड्यात ते काम दिवसातून अर्धा तास चालतं. उरलेला वेळ माणसांना आत आणण्यात जातो, कारण वर्षाला किती 'उपक्रम' झाले ते शहरातले साहेब विचारतात. मी पतंग बनवायची स्पर्धा घेतली. मातीपरीक्षणाचं व्याख्यान ठेवलं, तर वक्ता आलाच नाही. श्रोत्यांनीच आपापली माती काढून एकमेकांना नावं ठेवली आणि तो माझा सगळ्यात यशस्वी कार्यक्रम ठरला.

बायका मात्र येत नसत. कारण उघड होतं. खोलीतली पंख्याखालची जागा तीन म्हाताऱ्यांनी बळकावली होती. वर्तमानपत्र वाचायला म्हणून ते सकाळी येत आणि सूर्य मावळेपर्यंत देश चालवत. त्यांच्यासमोर घुंगट ओढून बसायला कोण येणार? आमच्या छपरावर सरकारी योजनेतलं सौर पॅनेल होतं, म्हणून गावाची वीज गेली तरी आमचा पंखा फिरायचा. जेठ महिन्यातल्या रणरणत्या दुपारी तो पंखा म्हणजे गावातली सगळ्यात मोठी मालमत्ता होती, आणि मला ती बायकांच्या नावावर करायची होती.

म्हाताऱ्यांना उठवणं म्हणजे काशीतल्या सांडाला गल्लीतून हटवणं. मी तो प्रयत्न केलाच नाही. फक्त दारावर पाटी लावली: 'दर मंगळवारी दुपारी तंबाखू सोडण्याविषयी मार्गदर्शन. तोंडाची तपासणी होईल.' त्यातल्या सगळ्यात थोरल्यानं पाटी दोनदा वाचली, ओठांतली सुर्ती, म्हणजे चुन्याची तंबाखू, जिभेनं एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि विचारलं, "बहिनजी, हे सक्तीचं आहे का?"

"जो हजर असेल त्याला," मी म्हणाले.

पुढच्या मंगळवारपासून दुपारी एकही पुरुष फिरकला नाही. मार्गदर्शन करायला कुणी यायचंच नव्हतं, हे त्यांना अजून माहीत नाही. हा अंक त्या गावात जात नाही, म्हणून निर्धास्तपणे लिहिते.

मग बायका आल्या. पुस्तकासाठी आल्या असं खोटं सांगणार नाही. पंख्यासाठी आल्या, बसल्या, घुंगट मागे सारले आणि बोलायला लागल्या. पहिले दोन-तीन मंगळवार मी कपाटातून गोष्टीची पुस्तकं काढून मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली, पाहुण्यानं बेसुर गायलं तरी ऐकून घेतात तशी. मग फूलमती काकी म्हणाल्या, "बहिनजी, तुमच्या गोष्टीतली माणसं फार सभ्य आहेत. तुम्हाला आमच्या ऐकायच्या का?"

फूलमती काकी म्हणजे गावातली गारी गाणारी बाई. आपल्याकडे विहिणीच्या पंगतीत गाण्यातून टोमणे मारतात ना, त्याला चौपट मिरची लावा, म्हणजे गारी. लग्नात वरपक्ष जेवायला बसला की वधूकडच्या बायका नावं घेऊन त्यांना गाण्यात शिव्या देतात. व्याही, त्याची बहीण, मामा, आत्याचा नवरा, कुणी सुटत नाही. ज्याचं नाव गारीत आलं नाही तो रुसतो, म्हणतो आमची काही किंमतच नाही. काकींना एके काळी पाच-पाच गावांतून बोलावणी येत. मग डीजे आला. लाऊडस्पीकरसमोर म्हातारीचा आवाज कुठे पुरणार? काही वर्षं त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

माझ्या मंगळवारी त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. मी साहेबांना कळवलं: 'महिलांसाठी लोकसाहित्य अभ्यासवर्ग सुरू.' त्यांनी कौतुकाचा फोन केला. अभ्यासवर्गात नक्की काय चालतं ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

या वर्गाला न चुकता येणारी, आणि सगळ्यात मागे भिंतीला टेकून बसणारी बाई म्हणजे दुर्गावती, गावच्या प्रधानाची बायको. प्रधान म्हणजे आपला सरपंच. नवऱ्याचा गावात एवढा दरारा की तिला कुणी नावानं हाकच मारत नसे. सगळे प्रधानिन म्हणत. मंदिर आणि माझं वाचनालय सोडून ती कुठे जात नव्हती. वर्गात फारशी गात नसे, पण एखादी ओळ अडली की मागून हळूच जोडून द्यायची. ती ओळ हमखास सगळ्यात जहाल असायची.

तर असं सगळं सुखात चाललं होतं आणि प्रधानांच्या मुलीचं लग्न ठरलं.

एका सकाळी प्रधानजी वाचनालयात आले. ते येत ते फक्त पंधरा ऑगस्टला, म्हणून मी उभी राहिले. त्यांनी खोलीची लांबी पावलांनी मोजली, पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बहिनजी, बारात इथे उतरेल. कपाटं खताच्या गोदामात हलवा."

"प्रधानजी, तिथे उंदीर आहेत. ओलही आहे."

"किताबें तो कहीं भी रह लेंगी," ते अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "बारात कहाँ रहेगी?"

मग जाता जाता पुढचा बेतही सांगितला. एकदा खोली रिकामी झालीच आहे, तर लग्नानंतर तिचं वऱ्हाडं उतरवायचं कायमचं बारातघर करायचं. गावाची सोय होईल. वाचनालयाचं पुढं बघू. मी साहेबांना फोन लावला. साहेब लग्नाला निमंत्रित होते. ते म्हणाले, "मॅडम, थोडं अॅडजस्ट करा. लोकप्रतिनिधी आहेत."

सरकारी नोकरीत 'अॅडजस्ट करा' म्हणजे हरलात, आता हसतमुखानं हरा.

मंगळवारी मी बायकांना सांगितलं. सगळ्या तिरक्या नजरेनं दुर्गावतीकडे बघत होत्या, आणि ती जमिनीकडे. निघताना ती मागे रेंगाळली.

"बहिनजी, मी त्यांना काही सांगू शकत नाही," ती म्हणाली. "बावीस वर्षांत सांगितलं नाही, आता काय सांगू? पण लेकीच्या लग्नात अंगणात काय गायचं ते मुलीची आई ठरवते. तिथे त्यांचं चालत नाही." मग दाराशी वळून म्हणाली, "डीजे रात्री वाजू दे. सकाळच्या खिचडीला काकी गातील."

खिचडी म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरदेव आणि व्याही मंडळींना अंगणात बसवून जेवू घालण्याचा विधी. तेव्हा नवरदेव रुसतो, काही मागतो, ते कबूल झालं की घास उचलतो. आणि ते घास घेत असताना गारी.

आता गारीला माहिती लागते. नावं लागतात, खोडी लागतात. बायकांनी माझ्याकडे मागणी केली: व्याह्याचं नाव काय, बहिणीचं काय, त्याला कशाचा शौक. वाचकानं प्रश्न विचारला की उत्तर शोधून देणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य. आमच्या धंद्यात त्याला संदर्भसेवा म्हणतात. वराच्या तालुक्यातल्या वाचनालयात माझ्या ओळखीचे एक ग्रंथपाल होते. त्यांना फोन केला. त्यांनी नावं दिली, नात्यागोत्यातली भानगडही दिली, आणि सहज म्हणून एक गोष्ट सांगितली. व्याही रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, त्यांच्या वाचनालयाचे जुने सभासद. जासूसी कादंबऱ्या सोडून दुसरं काही वाचत नाहीत. तिथल्या सगळ्या वाचून झाल्या म्हणून हल्ली चिडचिडे झाले आहेत.

फोन ठेवला आणि मी कपाटांपाशी जाऊन उभी राहिले. आमच्याकडे एक जाडजूड जासूसी कादंबरी होती, दोन भागांत. मलपृष्ठावरच लिहिलं होतं, पहिल्या भागाच्या शेवटी हवेलीत खून होतो आणि दिवा विझतो. खुनी दुसऱ्या भागात.

कपाटं गोदामात गेली. दुसरा भागही गेला, माझ्या हातानं एका गोणीत, युरियाच्या शेजारी. पहिला भाग, लग्नाच्या दिवशी खाटा लावल्या तेव्हा, व्याह्यांच्या उशाशी राहिला. विसरून राहिला, असं मी साहेबांना पुढे लेखी दिलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्या ऑटोनं गावात पोचले. वऱ्हाड आडवं पडलेलं होतं. पंखा फिरत होता. माझ्या खुर्चीवर मिशीवाले एक गृहस्थ लाल डोळ्यांनी बसले होते, मांडीवर मिटलेलं पुस्तक. मी कोण ते कळल्यावर त्यांनी नमस्कारसुद्धा केला नाही.

"दुसरा भाग कुठे आहे?"

"खताच्या गोदामात, समधीजी." व्याह्यांना तिकडे समधी म्हणतात.

"का?"

"तुमची सोय व्हावी म्हणून. आणि आता तो तिथेच राहणार. इथे बारातघर होणार आहे."

त्यांनी भिंतींवरचे कपाटांचे पांढरे डाग एकेक करून पाहिले. मी खूप पुण्याईचं काम केल्यासारखा चेहरा करून अंगणाकडे गेले.

प्रधानांच्या अंगणात मंडळी बसली. मध्ये नवरदेव, शेजारी व्याही, मग मामा-काका, आणि पाहुण्यांच्या रांगेत आमचे साहेब, काळा चष्मा लावून. प्रधानजी हात जोडून उभे. ओसरीत बायका, पुढे फूलमती काकी, आणि त्यांच्या मागे घुंगटाआड दुर्गावती. ताटं वाढली गेली आणि काकींनी सूर लावला. म्हातारीचा आवाज फाटका होता, पण सकाळच्या शांततेत तो अंगणभर पुरला.

"व्याही आले मिशा पिळत, गाडीतून उतरून,
पुस्तक धरलं ऐटीत, पण उलटं करून!"

वऱ्हाड हसलं. व्याही हसले नाहीत. मग बहिणीचा, मामाचा उद्धार झाला. मामा खूश, कारण त्यांना वाटलं होतं आपल्याला कुणी ओळखत नाही. मग काकींनी हात साहेबांकडे वळवला.

"साहेबांचा चष्मा भारी, लांबचं त्यांना दिसे,
गळकं छप्पर डोक्यावर, तेच दिसेना कसे?"

साहेबांनी चष्मा काढला. गारीवर रागावता येत नाही, रागावलं तर अपमान आपल्याच अंगावर येतो. ते हसले, जमेल तसं.

एवढ्यात व्याह्यांनी ताट दूर सारलं. व्याह्यानं ताट सारणं म्हणजे मुलीच्या बापाचा श्वास अडकणं.

"समधीजी, काय कमी पडलं?" प्रधानजी वाकले. "सांगा. लगेच हजर करतो."

"दुसरा भाग," व्याही म्हणाले.

प्रधानजींना कळेना. त्यांनी भावाकडे पाहिलं, भावानं आचाऱ्याकडे. आचारी म्हणाला, जिलबीचा दुसरा घाणा येतोच आहे.

"पुस्तकाचा," व्याही म्हणाले. "तुम्ही मला खुनापर्यंत आणून सोडलंय. खुनी तुमच्या गोदामात आहे."

ओसरीतून पहिलं खिदळणं कुठून आलं ते मला माहीत आहे. ते घुंगटाआडून आलं. मग सगळ्याच हसल्या. प्रधानांची माणसं गोदामाकडे पळाली. तेवढ्या वेळात काकींनी जागच्या जागी नवी गारी बांधली, त्यात खत, खुनी आणि व्याह्याची बहीण तिघांना एकाच गोणीत घातलं. ती मी इथं लिहू शकत नाही. हा घरी वाचला जाणारा अंक आहे.

माणसं रिकाम्या हातानं परतली. गोण्यांच्या ढिगात एक पुस्तक शोधणं त्यांच्या 'बस की बात' नव्हती. तेव्हा व्याही सगळ्यांसमोर, सावकाश, गाडीला झेंडा दाखवावा तसे म्हणाले, "समधीजी, माझी मागणी ऐका. आज संध्याकाळपर्यंत सगळी पुस्तकं होती तिथे जायला हवीत. आणि पुन्हा हलता कामा नयेत. मी सणावाराला येणार, मला ती जागेवर दिसली पाहिजेत. कबूल असेल तर घास घेतो."

प्रधानांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब चष्मा पुसत होते. मुलीच्या सासऱ्याला, खिचडीच्या ताटावर, पन्नास माणसांसमोर कोणता बाप नाही म्हणेल?

"जैसी आपकी आज्ञा," प्रधानजी म्हणाले, आणि व्याह्यांनी घास घेतला.

कपाटं त्याच संध्याकाळी परत आली. दुसरा भाग सापडला, पण शेवटची काही पानं उंदरांनी नेली होती. व्याह्यांचे मला अनेकदा फोन आले: बहिनजी, निदान एवढं सांगा, मुनीम की धाकटा भाऊ? मला सांगता आलं नाही. ग्रंथपाल पुस्तकं वाचतात हा लोकांचा गैरसमज आहे; त्या कादंबरीचं मी फक्त मलपृष्ठ वाचलं होतं.

छप्पर दुरुस्त झालं, निम्मं. निम्म्याचा प्रस्ताव पुढे गेला आहे, असं साहेब त्यांच्या बदलीपर्यंत सांगत राहिले. काकींना पुन्हा बोलावणी यायला लागली, पण दोनच लग्नसराया त्यांना मिळाल्या. मी एकदा मोबाइल पुढे करून त्यांचं गाणं टिपायला गेले होते, तर त्यांनी हातानं बाजूला सारला. म्हणाल्या, "गारी समोरच्याच्या तोंडावर द्यायची असते, बेटी. डब्यात भरून ठेवली की ती नुसती शिवी होते." मला ते पटलं, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आता त्या नाहीत आणि त्यांच्या निम्म्याहून जास्त गाऱ्या कुणालाच येत नाहीत. इतके उपक्रम केले, त्यात हा एक मी हट्टानं करायला हवा होता.

प्रधानजींनी माझ्यावर राग धरला नाही. त्यांना अखेरपर्यंत वाटत राहिलं की व्याही जरा विक्षिप्त आहेत. पुढच्या निवडणुकीत गावची जागा महिलांसाठी राखीव झाली. तिकडे अशा वेळी काय करतात ते सर्वांना ठाऊक आहे: नवरा बायकोला उभं करतो, ती सही करते, तो कारभार करतो. दुर्गावती निवडून आली. पोस्टरवर तिच्या फोटोपेक्षा त्यांचा फोटो मोठा होता.

पंचायत भवनात सिमेंटच्या गोण्या होत्या, म्हणून पहिली बैठक वाचनालयात घ्यायचं तिनं कळवलं. सगळे सदस्य आले. प्रधानजी कागदांची पिशवी काखेत मारून आले आणि सवयीनं मधल्या खुर्चीकडे निघाले. दुर्गावती तिच्यावर आधीच बसली होती. डोक्यावर पदर होता, चेहऱ्यावर नव्हता. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची तिथे पद्धत नाही, म्हणून ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बहिनजी, इनसे कहिए बाहर बैठें. यहाँ सदस्य लोग बैठेंगे. थैली यहीं रहने दें."

मी त्यांना सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण पद्धत ती पद्धत.

ते ओसरीत माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. आतून बोलण्याचे आवाज येत होते, मध्येच हसण्याचेही. रस्त्यानं माणसं जात होती. रिकामं दिसू नये म्हणून त्यांनी टेबलावरचं एक पुस्तक उचललं, उलटसुलट केलं, पहिलं पान उघडलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातात मी पहिल्यांदाच पुस्तक पाहिलं.

"बहिनजी," ते हळू आवाजात म्हणाले, "हे किती दिवसांसाठी मिळतं?"

"पंधरा दिवस, प्रधानजी."

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "और वो?"

"पाच वर्षं," मी म्हणाले, आणि त्यांना खुर्ची दिली.